डेम्लो संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१

• अंक १७. उलट्या क्रमानेही तीच.

• १११११११११ (नऊ एक) या संख्येचा वर्ग. उभा गुणाकार मांडला की मधल्या स्तंभात नऊ एक येतात, दोन्हीकडे एकेक कमी होत जातो. हातचा कुठेच येत नाही.

• दहा एकांचा वर्ग केला तर मात्र हातचा येतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

• मूळ अवयव : ३×३×३×३×३७×३७×३३३६६७×३३३६६७. एकूण विभाजक ४५.

• अंकांची बेरीज ८१, तोही पूर्ण वर्ग.

• नाव दिले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. कल्पना सुचली जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर!

• ‘कापरेकर स्थिरांक’ ६१७४ वेगळा. तो चार अंकी संख्यांच्या वजाबाकीतून निघतो.