चरकाची लाट

भिवंडीतल्या यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट ऐकू येणाऱ्या एका गल्लीच्या टोकाशी, जेथे एरवी मागांचे दांडे आणि दातेरी चाके दुरुस्तीस येतात अशा एका लहानशा कारखान्यात, परवा रसवंतीचा एक जुना चरक खोलून ठेवलेला मी पाहिला.

वरची बिडाची लाट, म्हणजे ऊस चिरडणारा रूळ, लेथवर चढविलेली होती. वर्षानुवर्षे ऊस चिरडून तिच्या खाचा इतक्या झिजल्या होत्या की ऊस आत ओढला न जाता तोंडाशीच घसरे. हत्यार टेकताच बिडाची काळी भुकटी झरू लागली. दर खाचेनंतर मिस्त्री यंत्र थांबवीत आणि तिच्या काठावरून अंगठा फिरवून पाहत. "आधी ऊस धरला पाहिजे साहेब, पिळायचं मग," ते म्हणाले.

तीन लाटांच्या चरकात ऊस प्रथम वरच्या व पुढच्या लाटेत फुटतो, आणि मग वरच्या व मागच्या लाटेत पिळून निघतो. म्हणून मागची फट अरुंद ठेवावी लागते, पण ती वाजवीहून आवळली तर चाकाचा दाता तुटतो. रसासाठी सगळीकडेच असे पिळावे लागत नाही; कॅनडात मेपल वृक्षाचा आपोआप ठिबकणारा सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती येतो, म्हणून तेथील कारागिरांची बुद्धी भट्टीत खर्ची पडली. आपला ऊस गोडीने श्रीमंत, परंतु तो आपण होऊन ठिबकत नाही, त्यामुळे आपली कल्पकता प्रथम चरकाला वाहावी लागली.

बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी यंत्राची ही गरज ओळखली होती. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशा समजुतीच्या काळात, १९०३ साली, त्यांनी लोखंडी नांगर घडविला. १९१० साली बेळगाव सोडणे भाग पडले तेव्हा औंध संस्थानाने त्यांना कुंडलच्या माळावर जागा दिली, आणि त्या किर्लोस्करवाडीतून नांगरांप्रमाणेच उसाचे चरकही गावोगाव गेले. परंतु यंत्राचे आयुष्य त्याच्या निर्मात्याइतकेच, झिजलेली लाट पुन्हा उभी करणाऱ्या अशा अनाम हातांवर अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी चरक जुळविल्यावर मिस्त्रींनी एक ऊस दोनदा घातला, बाहेर आलेले चिपाड दोन्ही मुठींत धरून पिळले आणि तळवे मजपुढे केले. ते कोरडे होते.