चिठ्ठीच्या कागदावरचा महाराजा

एअर इंडियाचा लवून स्वागत करणारा, टोकदार मिशांचा महाराजा घरातल्या मोठ्यांनी पाहिलेला असतोच. पण तो जन्मला तो जाहिरातीच्या मोठ्या फलकावर नव्हे, तर विमानात प्रवाशांना देण्याच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर! साल 1946. कंपनीचे व्यापारी विभाग सांभाळणारे बॉबी कूका आणि मुंबईच्या जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव या दोघांची ही निर्मिती.

आपल्याकडे संस्थाने विलीन होत होती आणि हा महाराजा मात्र जगभर निघाला होता. गंमत अशी की तो कधी रुबाबात राहिलाच नाही. पॅरिसच्या पोस्टरवर तो चित्रे विकतो, कुठे सुमो पहिलवान होतो. या थट्टेवर आक्षेपही घेतले गेले. मला विचाराल तर स्वतःवर हसण्याची ही हिंमत आजच्या गुळगुळीत जाहिरातींत सापडत नाही.

कंपनीची नजर चित्रकलेवरही होती. 1956 पासून तिने तरुण चित्रकारांची चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली. त्यात नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा होत्या. पुढे संग्रहात गायतोंडेही आले, म्हणजे मूळच्या गोव्याच्या घराण्यातले.

सगळ्यात भन्नाट किस्सा मात्र रक्षापात्राचा. 1967 मध्ये कंपनीने साल्वादोर दाली यांच्याकडून चिनीमातीचे रक्षापात्र करून घेतले. मध्ये शिंपला, त्याच्या कडेने साप, खाली आधाराला हत्ती आणि हंस. पात्र उलटे केले की हंसाचा हत्ती होतो आणि हत्तीचा हंस. सुमारे पाचशेच नग निघाले, तेही निवडक प्रवाशांना भेट द्यायला. आज लिलावात त्यांना चांगली किंमत येते.

तुमच्याही घरी माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत एखादे वेळापत्रक, मेन्यूकार्ड, पत्त्यांचा जोड किंवा पोस्टकार्ड पडले असेल. रद्दीत घालण्यापूर्वी आजीला एकदा दाखवा. ते कोणाबरोबर, कुठल्या प्रवासातून आले हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.

आणि हो, दालींनी मोबदल्यात पैसे मागितलेच नाहीत. त्यांना हवे होते हत्तीचे पिल्लू. कंपनीने ते खरोखरच बंगळूरहून विमानाने जिनिव्हाला नेले आणि तिथून ट्रकने स्पेनमधल्या त्यांच्या गावी पोहोचवले. सोबत माहूतही गेला होता.