उबदार पानगळ आणि हरणांची शिकार : घटलेल्या आकड्यांचा अर्थ

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरमधील नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांनी सुमारे १ लाख ७४ हजार हरणांची नोंद केली. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या जवळपास १८ टक्क्यांनी कमी होती. हंगामाच्या प्रारंभी राज्याच्या बहुतांश भागात जमिनीवर बर्फ नव्हता.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी असल्याने हा हिशेब आपल्याला काहीसा अपरिचित वाटेल. तेथे मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे प्रमुख साधन परवानाधारक शिकार हेच आहे. शिकार कमी झाली, की मक्याच्या शेतांचे नुकसान आणि महामार्गांवरील अपघात वाढण्याची भीती असते.

उबदार हवेत हरणांचा माजाचा काळ लांबतो, असा समज शिकाऱ्यांमध्ये रूढ आहे. तो खरा नाही. माजाचा काळ तापमानावर नव्हे, तर लहान होत जाणाऱ्या दिवसावर ठरतो. सुमारे २०० दिवसांच्या गर्भकाळानंतर पाडस मे-जूनमध्ये, कोवळा चारा असताना जन्मावे, अशी ही निसर्गाची योजना आहे. त्यामुळे उत्तरेकडील राज्यांत या काळाचा जोर दरवर्षी नोव्हेंबरच्या पूर्वार्धातच असतो.

बदलते ती हालचालीची वेळ. पानगळीपर्यंत हरणाच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव आणि तिच्यावर पोकळ केसांचे आवरण चढलेले असते. कडाक्याच्या थंडीसाठी असलेला हा पेहराव उबदार दुपारी जाचक ठरतो. अशा वेळी हरीण सावलीत बसून राहते आणि चरण्यासाठी रात्रीची वाट पाहते. थंडी पडल्यावर शरीराची ऊब राखण्यासाठी त्याला दिवसाही चरावे लागते. मचाणावरील शिकाऱ्याला परवानगी असते ती केवळ दिवसाच्या उजेडाची. म्हणजे हरणे असतात. दिसत नाहीत, इतकेच.

बर्फाचा अभाव ही दुसरी अडचण. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपकिरी प्राणी दुरूनही ओळखू येतो, पावलांचे ठसे मिळतात, जखमी जनावराचा माग काढता येतो. शिवाय मांसाचाही प्रश्न असतो. थंड वर्षी शिकार रात्रभर झाडाला टांगून ठेवता येते. उबदार वर्षी ती त्वरेने सोलून चार अंश सेल्सिअसच्या खाली न्यावी लागते. या धावपळीमुळे काहीजण लवकर घरी परततात.

सर्व दोष हवामानाला देणे मात्र योग्य नव्हे. राज्याच्या उत्तर भागात आदल्या हिवाळ्याच्या कडाक्याचाही हरणांना फटका बसला होता. येथेच आकडेवारीची खरी गुंतागुंत आहे. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग हरणांच्या संख्येचा अंदाज बऱ्याच अंशी शिकारीच्याच नोंदींवरून, मारलेल्या हरणांचे वय व लिंग पाहून बांधतो. उबदार हवेने घटलेली शिकार घटलेली संख्या समजली गेली, तर पुढील वर्षी माद्यांच्या शिकारीचे परवाने कमी करण्याकडे कल जाईल.

ती पानगळ सरल्यावर आलेला २०२३-२४ चा हिवाळा विस्कॉन्सिनच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. हिवाळ्याची तीव्रता मोजताना हे राज्य सुमारे ४५ सेंटिमीटर बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण देते आणि उणे १८ अंशांखालील प्रत्येक दिवसाला आणखी एक. अशा सौम्य वर्षी हे गुण फारसे साचत नाहीत. बंदुकीतून वाचलेली हरणे मग थंडी-उपासमारीतूनही वाचतात आणि वसंतात पाडसांसह शेतांच्या बांधावर येतात.