‘याला कागद कोणता?’ : एका इतिहासगुरूचे स्मरण

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना इतिहास शिकविला तो एका प्रश्नाच्या आधारे. वर्गात कोणी काही ठासून सांगितले की ते शांतपणे विचारीत, ‘‘याला कागद कोणता?’’ मी पुढे मराठीचा अध्यापक झालो, तरी त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. इतिहासाच्या अध्यापकाचे स्मरण त्याच्या पश्चात कसे करावे, याचा विचार करू लागलो की मला आपल्या माळव्याशी निगडित असलेली एक गुरुशिष्यांची जोडी आठवते : सर जदुनाथ सरकार आणि सीतामऊचे महाराजकुमार डॉ. रघुबीरसिंह.

जदुनाथांचा जन्म १८७० चा. ते मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. पाटणा, बनारस, कटक येथे त्यांनी अध्यापन केले आणि औरंगजेबाचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. त्यासाठी फारसी तर हवीच होती. पण दक्षिणेतील अर्धी साक्ष मराठीत आहे हे जाणून ते मराठीही शिकले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत असताना त्यांच्याशी जडलेला स्नेह दोघांच्या अखेरीपर्यंत टिकला. जदुनाथ १९५८ साली गेले, रियासतकार १९५९ साली. जदुनाथांची शिवचरित्रविषयक अनेक मते महाराष्ट्रात मान्य झाली नाहीत. त्यांवर कठोर टीका झाली. तथापि एक गोष्ट टीकाकारांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. १९१९ साली प्रसिद्ध झालेला आपला शिवाजीवरील ग्रंथ त्यांनी पुढच्या आवृत्त्यांत पुनःपुन्हा सुधारला. नवा कागद पुढे आला की स्वतःचे वाक्यही बदलावे लागते, हा पाठ त्यांनी आचरणाने दिला.

रघुबीरसिंह हे संस्थानिकाचे पुत्र. हिंदी वाचक त्यांना ‘शेष स्मृतियाँ’ या भावपूर्ण निबंधसंग्रहाचे लेखक म्हणून ओळखतात. ताजमहाल, फत्तेपूर शिक्री, दिल्लीचा किल्ला या वास्तूंपुढे उभे राहून हळहळणारे हे मन. अशा भावुक लेखकाला जदुनाथांसारखा कोरड्या पुराव्याचा आग्रह धरणारा गुरू लाभला. त्या सुमारास जदुनाथ कोणत्याही विद्यापीठाच्या सेवेत नव्हते. त्यांचे मार्गदर्शन बव्हंशी पत्रांतून चाले. ती पत्रे १९७५ साली श्री. रा. टिकेकर यांच्या संपादनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या शिक्षणाचे फळ म्हणजे १६९८ ते १७६५ या काळातील माळव्याचा इतिहास सांगणारा, १९३६ साली प्रकाशित झालेला प्रबंध. त्याबद्दल आग्रा विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली.

या पद्धतीचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्यापैकी अनेकांची घराणी पेशव्यांच्या, होळकरांच्या वा शिंद्यांच्या फौजांमागोमाग या प्रांती आली. त्या आगमनाचे दार उघडणारी लढाई अमझेऱ्याची. माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर यांच्या मृत्यूविषयी जुन्या हकिगतींत स्थळाचा आणि काळाचा मोठा घोळ होता. कोणी दोघांची मरणे निरनिराळ्या वर्षी घालीत. रियासतकारांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील पत्रे फारसी साधनांशी ताडून पाहिल्यावर उलगडा झाला : चिमाजीअप्पांच्या फौजेशी झालेल्या लढाईत, २९ नोव्हेंबर १७२८ रोजी, दोघेही एकाच दिवशी पडले. एकट्या मराठी कागदांवर किंवा एकट्या फारसी बखरींवर विसंबले असते, तर हे चित्र अपुरेच राहिले असते.

गुरूच्या शिकवणीनुसार रघुबीरसिंहांनी सीतामऊस हस्तलिखिते, त्यांच्या नकला आणि परदेशी संग्रहांतील फारसी ग्रंथांच्या सूक्ष्मपटप्रती जमविल्या. त्या संग्रहाला पुढे श्रीनटनागर शोध संस्थानाचे रूप आले. १९९१ साली त्यांचे निधन झाले. परंतु अभ्यासकांची वाट मोकळी राहिली. गुरूची मते जपणे सोपे असते. त्या मतांची परीक्षा ज्या साधनांनी करता येईल, ती साधने सर्वांस खुली ठेवणे अवघड. कारण त्यात गुरूही चुकीचा ठरू शकतो. खरे स्मारक ते हेच, असे मला वाटते.

आता आपल्याविषयी. आपल्या घरांच्या माळ्यांवर अद्याप मोडी कागदांची बासने आहेत. वाचणारी पिढी सरली. वाळवी मात्र सरलेली नाही. आजोबांच्या पराक्रमाच्या कथा आपण आवडीने सांगतो, आणि त्या कथांची साक्ष देणारे किंवा त्या खोट्या पाडणारे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. बासन सोडावे, कोरड्या जागी ठेवावे, कागदांची साधी यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि ती जाणत्या संस्थेच्या स्वाधीन करावीत. कागदात आपल्या घराण्याचे उणे निघाले तरी तो लपवू नये.

गुरुवर्यांच्या तसबिरीला आज आपण हार घातला. त्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला असता, आणि मग हळूच विचारले असते, ‘‘कागद आणलात का?’’