वाचकांच्या पत्रांतून घडलेले लेखक

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यातील पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात. विज्ञानकथांनी झपाटलेली, बहुतेक शाळकरी मुले या सदरातून एकमेकांना सापडली. आवडत्या कथा कोणत्या, संपादकांचे कुठे चुकले, हे ती मोठ्या तावातावाने लिहीत. पुढे त्यांनी स्वतःची हौशी नियतकालिके काढली. टंकलेखन करायचे, चक्रमुद्रित प्रती काढायच्या आणि टपालाने पाठवायच्या, एवढाच त्यांचा पसारा.

क्लीव्हलंडच्या जेरी सीगलने आपल्या अशाच अंकात १९३३ साली एक कथा छापली. चित्रे वर्गमित्र जो शुस्टरची. तिचा सुपरमॅन चक्क टकला खलनायक होता! नायक सुपरमॅन वाचकांपुढे यायला १९३८ उजाडले, आणि त्याचे हक्क दोघांनी अवघ्या १३० डॉलरना विकले. रे ब्रॅडबरींनीही १९३९ मध्ये असे नियतकालिक सुरू केले. ते चार अंकांतच आटोपले. आयझॅक अॅसिमॉव्ह मात्र आधी मासिकांना पत्रे लिहिणारे चोखंदळ वाचक होते. त्यांची पहिली कथा १९३९ साली ‘अमेझिंग’मध्येच छापून आली.