टर्बोच्या हवेने ठिणगी विझते का?

समजा, १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेली एक साब ९०० टर्बो मोटार आपल्यासमोर उभी आहे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होते. गाडी उभी असताना त्याचा आवाज एकसारखा येतो. सपाट रस्त्यावर, मध्यम वेगाने गाडी विनातक्रार धावते. मात्र चढ लागला, चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि टर्बोने जोर धरला, की गाडी झटके खाऊ लागते. गॅरेजच्या भाषेत, इंजिन ‘मिसिंग’ करते. पाय जरा वर उचलला की सारे पुन्हा सुरळीत!

दोष टर्बो चालू झाल्यावरच दिसतो, म्हणून संशय टर्बोवर जातो. टर्बो हा महागडा भाग. तो बदलूनही झटके तसेच राहिले तर मालकाला केवढा भुर्दंड! कुणी सांगते, ‘‘जोराच्या हवेने ठिणगी विझते.’’ फुंकरीने मेणबत्ती विझते हे आपण पाहिलेले असल्याने हे पटतेही. पण खरोखर तसे घडते का? उत्तरासाठी आधी टर्बो आणि ठिणगी या दोघांचे काम समजून घेऊ.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवते. हाच टर्बो. या प्रकारच्या गाड्यांत ही हवा वातावरणापेक्षा सुमारे ०.७ बार अधिक दाबाने, म्हणजे एकूण सुमारे १.७ बार दाबाने आत शिरते. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त, आणि म्हणून शक्ती जास्त. आपल्याकडे अनेक वर्षे ‘टर्बो’ म्हटले की डिझेलचे इंजिनच डोळ्यांसमोर येई. पण त्यात ठिणगी नसते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र प्रत्येक स्फोटासाठी ठिणगी लागते.

ती येते कॉइलमधून. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे कामाला येते. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून बॅटरीची धारा वाहत असते. ती एकदम तोडली की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि हजारो वेढ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचे विभवांतर निर्माण होते. डिस्ट्रिब्युटर ते पाळीपाळीने एकेका सिलिंडरच्या प्लगकडे पोचवतो. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉइल प्रत्येक वेळी आपले सर्वाधिक विभवांतर देत नाही. ते चढत जाते आणि कुठेतरी ठिणगी पडताच वाढ थांबते.

प्लगच्या दोन टोकांमध्ये एक मिलिमीटरहूनही कमी फट असते. ती ओलांडायला किती व्होल्ट लागतील? जर्मन शास्त्रज्ञ फ्रिडरिक पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले, की हे फटीची लांबी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरणे अधिक योग्य. कारण सोपे आहे. ठिणगी पडण्यासाठी इलेक्ट्रॉनने वेग घेऊन रेणूवर आदळले पाहिजे आणि त्यातून नवा इलेक्ट्रॉन सुटला पाहिजे. रिकाम्या व्हरांड्यात मूल सुसाट पळते; शाळा सुटल्यावरच्या गर्दीत त्याला दोन पावलेही धावता येत नाही. दाट वायूत इलेक्ट्रॉनची गत अशीच होते. मग तेवढ्याच थोड्या अंतरात पुरेसा वेग यावा म्हणून जास्त विभवांतर द्यावे लागते.

आता आकडे पाहू. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. तेव्हा इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. टर्बोच्या पूर्ण जोरात तो १.७ पट होतो. म्हणजे सुमारे पाचपट फरक! दाबली गेलेली हवा तापते, त्यामुळे घनतेतील फरक याहून थोडा कमी असतो. तरीही उभ्या गाडीत जी ठिणगी सहज पडत होती, तिला आता कितीतरी जास्त विभवांतर लागते. कॉइल, लीड आणि प्लग नवे असतील तर ते मिळते. जुन्या गाडीत ते अपुरे पडते.

म्हणजे ठिणगी विझत नाही. ती पडतच नाही, किंवा भलतीकडे पडते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा असेल किंवा लीडचे आवरण फाटले असेल, तर तेथील हवा साध्याच दाबाची असते. प्लगची वाट अवघड झाली की वीज ही सोपी वाट धरते.

यावरून गॅरेजमधली एक नेहमीची चाचणी का फसवते, हेही कळेल. प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, स्टार्टर मारायचा आणि ठिणगी दिसली की ‘‘करंट बरोबर आहे’’ म्हणायचे. पण ती ठिणगी मोकळ्या हवेत पडली. प्रज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला वायू त्याहून कितीतरी पट दाट असतो. शिवाय ही चाचणी धोक्याची आहे. उच्च विभवांतराचा धक्का बसू शकतो आणि पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. विद्यार्थ्यांना ती करू देऊ नये.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम डॅशबोर्डवरचा टर्बोच्या दाबाचा काटा पाहावा. काटा नेहमीइतका चढतो आणि मग झटके सुरू होतात, तर टर्बो आपले काम करीत आहे. त्यानंतर प्लग काढून फिलर गेजने गॅप मोजावी. प्रत्येक ठिणगीबरोबर प्लगची टोके कणाकणाने झिजतात आणि गॅप रुंदावते. समजा ती ०.९ मिलिमीटर झाली आहे. ती ०.६ केली तर पाशेन यांचा गुणाकार एक-तृतीयांशाने कमी होतो. बाकी काहीही न बदलता गाडी पुन्हा त्याच चढावर न्यावी. झटके गेले, तर दोष विजेच्या बाजूला आहे. तसेच राहिले, तर पेट्रोलचा पुरवठाही तपासायला हवा.

मात्र झटके गेले म्हणून काम संपले असे नाही. गॅप निर्मात्याने सांगितली आहे तेवढीच ठेवून दुबळा भाग शोधावा. कॅप आतून स्वच्छ पुसून कार्बनची केसासारखी काळी रेघ दिसते का पाहावे. ती रेघ वीज वाहून नेते. इंजिन बंद ठेवून लीडचा रोध ओहममापकाने मोजावा. एखादी लीड इतरांपेक्षा फारच वेगळी असेल तर ती बदलावी. अंधारात चालू इंजिनाच्या लीडवर, हात न लावता, निळसर चमक दिसली तर गळती नक्की. न दिसली तर लीड निर्दोष ठरत नाही, कारण उभ्या गाडीत कॉइलचे विभवांतर तेवढे चढतच नाही.

हे टाळले तर काय होते? न जळलेले पेट्रोल तप्त नळीत जाऊन पेटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो अतितापून निकामी होऊ शकतो. काहीशे रुपयांच्या प्लगपायी असे मोठे नुकसान होते.

आज अनेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तरी दाट वायूत ठिणगी पाडण्याची अडचण तीच आहे. दोष ज्या परिस्थितीत प्रकटतो त्याच परिस्थितीत चाचणी घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियमही तोच आहे. प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना हेच तर शिकवतो.

वर्गासाठी दोन प्रश्न: चार सिलिंडरच्या चारधावी इंजिनात मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर सेकंदाला एकूण किती ठिणग्या लागतील? (उत्तर: १००.) कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सैल जोडणीमुळे कॉइलला १२ ऐवजी १० व्होल्टच मिळाले आणि धाराही त्याच प्रमाणात घटली, तर ऊर्जा किती उरेल? (उत्तर: सुमारे ७० टक्के.)