ताज्या अंड्याला मासळीचा वास : कोंबडीचं खाणं आणि अंड्याची चव

आजचा प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला आहे. अंडं उकडलं, सोललं, मधोमध फोडलं आणि बलकातून मासळीसारखा हिवस वास आला. अंडं तर कालचंच. पाण्यात टाकलं होतं तेव्हा तळाशी आडवं बसलं होतं, म्हणजे ताजंच. गिऱ्हाईक म्हणतं, शिळं अंडं दिलंत. विकणाऱ्या बाई शपथेवर सांगतात, ताजं आहे. दोघंही खरं बोलत असतात, आणि तरी गिऱ्हाईक तुटतं. परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळून आठवडी बाजारात अंडी विकणाऱ्या घराला हे परवडणारं नाही. म्हणून आज या एका वासाचा माग काढू या.

आधी दोन वास बाजूला काढून ठेवतो. अंडं जास्त वेळ उकडलं की गंधकासारखा वास येतो आणि बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसते. पांढऱ्या भागातलं गंधक आणि बलकातलं लोह यांची ती करामत. कोंबडीने काय खाल्लं याच्याशी तिचा काही संबंध नाही, दोष आपल्या गॅसचा. दुसरा वास साठवणीचा. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. सुकट, कांदे किंवा रॉकेलच्या डब्याशेजारी ट्रे ठेवला तर तो वास आत शिरू शकतो. असं झालं तर त्या ट्रेमधल्या सगळ्याच अंड्यांवर परिणाम दिसतो. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपला मुख्य आरोपी. त्याचं नाव ट्रायमिथाइलअमीन. बाजारात मासळीच्या पाट्यांजवळून जाताना नाकात जो वास शिरतो, त्यातला मोठा वाटा याच रसायनाचा. १९७३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी वास येणाऱ्या अंड्यांमध्ये नेमकं हेच असल्याचं दाखवून दिलं. गंमत म्हणजे हा वास यायला कोंबडीने मासळी खाल्लेली असायलाच हवी असं नाही.

मग ते येतं कुठून? खाद्यात कोलीन नावाचा एक घटक असतो. तो पोषक आहे, कोंबडीला लागतोच, आणि तयार खाद्यात मुद्दाम घालतातही. लागेल तेवढा कोलीन आतड्यात शोषला जातो. उरलेला खाली सरकतो आणि तिथले जिवाणू तो फोडून त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात. हे रक्तात मिसळतं, यकृतात पोचतं. तिथे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला ऑक्सिजन जोडून देतं. एवढ्याशा बदलाने त्याचा वास जातो आणि ते शरीराबाहेर टाकलं जातं. रोज, प्रत्येक कोंबडीत, हे चाललेलं असतं. आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण काही कोंबड्यांमध्ये हे विकर नीट काम करत नाही. २००५ साली फिनलंड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. एफएमओ-३ नावाच्या जनुकात एक छोटा बदल. प्रथिनाच्या साखळीत ३२९ व्या जागी थ्रिओनीन हवं, तिथे सेरीन येतं. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा, बस्स. अशा कोंबडीच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन साचतं आणि बलकात उतरतं. माणसातही याच जनुकात बिघाड झाला की घामाला, श्वासाला मासळीचा वास येतो. दुर्मीळ आजार आहे, पण ज्याला होतो त्याचं जगणं अवघड करून टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तपकिरी अंड्यांबद्दलच ही तक्रार जास्त का? बरोबर आहे, ती तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींमध्येच आढळली, ऱ्होड आयलंड रेड वंशाच्या कोंबड्यांमध्ये विशेष. आपल्याकडे ट्रेमधून येणारी बहुतेक पांढरी अंडी लेगहॉर्न वंशाच्या संकरित कोंबड्यांची असतात, आणि त्यांच्यात हा दोष सहसा दिसत नाही. पण म्हणून कवचाच्या रंगाला दोष देऊ नका. रंग कवचात, वास बलकात. दोन्ही गोष्टी एकाच वंशावळीत आल्या, एवढंच. परदेशी पैदास कंपन्यांनी पुढे जनुक तपासून हा दोष आपल्या तपकिरी जातींमधून काढायला घेतला. आपल्या परसातल्या मिश्र कळपाची अशी तपासणी कोण करतं?

म्हणजे दोष कोंबडीचा, खाद्य निर्दोष? तसंही नाही. इथे मोहरीची पेंड येते. मोहरीच्या पेंडीत सिनापीन असतं, आणि सिनापीन म्हणजे कोलीनच, दुसऱ्या एका आम्लाला बांधलेला. तो आतड्यात सहज शोषला जात नाही, थेट जिवाणूंच्या हाती पडतो. शिवाय याच पेंडीतले दुसरे काही घटक यकृतातल्या त्या विकराच्या कामात अडथळा आणतात. एकीकडून नळ मोठा सोडायचा आणि दुसरीकडे मोरीत बोळा घालायचा, अशातला प्रकार. ज्या कोंबडीचं विकर आधीच अर्धवट चालतं, तिच्या अंड्याला वास आलाच समजा. त्याच खुराड्यातल्या, तीच पेंड खाणाऱ्या दुसऱ्या कोंबडीचं अंडं मात्र बिनवासाचं.

पाळणारा माणूस मोहरीच्या पेंडीकडे वळतो ते भावामुळे. २०२१ साली सोयापेंडीचे भाव असे चढले की केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयाच्या पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. अशा वेळी दुकानदार म्हणतो, ‘ही घेऊन बघा, स्वस्त आहे, प्रोटीन चांगलं आहे.’ खोटं नाही ते. पण तपकिरी अंडी देणाऱ्या कळपासाठी तो सल्ला महाग पडू शकतो, आणि हे दुकानदाराने सांगायला हवं असं माझं मत आहे. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तीच पेंड बेताने दिली तर वासाची अडचण सहसा येत नाही.

कोकणात प्रश्न जरा वेगळा. तिथे मासळीची कुटी, सुकटीचा चुरा, कोलंबीची टरफलं कोंबड्यांना घालतात. मासळीत हे रसायन आणि त्याचं बिनवासाचं रूप दोन्ही आयतं असतं. थोडी कुटी उत्तम खाद्य आहे. जास्त झाली, किंवा खवट झालेली घातली, तर चांगल्या कोंबडीच्या अंड्यालाही ती चव लागते. विदर्भात जवस. त्यातली ओमेगा-३ स्निग्धं बलकात उतरतात, म्हणून ‘ओमेगा अंडी’ काढणारे जवस वापरतात. पण खाद्यात जवसाचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या वर गेलं की खाणारे तक्रार करू लागतात. ही स्निग्धं हवेने लवकर खवट होतात, म्हणून अशा खाद्यात ई जीवनसत्त्व घालतात आणि जवस दळून फार दिवस ठेवत नाहीत.

सरकी पेंडीचा वेगळाच तमाशा. तिच्याने वास येत नाही, पण अंडी काही दिवस ठेवली की पांढरा भाग गुलाबी आणि बलक तपकिरी-हिरवट होऊ शकतो. गिऱ्हाईक ते अंडं कुजकंच समजणार. आणि गर्द केशरी बलक? तो पिवळा मका, हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा रंग. त्या रंगाने चव वाढत नाही. लोक मात्र त्यासाठी जादा पैसे मोजतात.

आता माग कसा काढायचा ते सांगतो. कुठली कोंबडी कुठलं अंडं देते यावर आठवडाभर नजर ठेवा, अंड्यावर पेन्सिलीने खूण करा. उकडा आणि गरम असतानाच फोडून वास घ्या, कारण गरम असताना हे रसायन लवकर उडतं. एका ट्रेपुरताच वास असेल तर साठवण बघा. सगळ्याच कोंबड्यांच्या अंड्यांना येत असेल तर कुटी, जवस बघा. आणि दोन-तीनच कोंबड्यांच्या अंड्यांना येत असेल तर तो जनुकाचा मामला. तिथे मोहरीची पेंड आणि मासळी पूर्ण थांबवा, सोयापेंड किंवा शेंगदाणा पेंड द्या. शेंगदाणा पेंड बुरशी नसलेलीच हवी. उद्याच फरक दिसेल अशी अपेक्षा नको. बलक साधारण आठ-दहा दिवस थरावर थर चढत मोठा होतो, त्यामुळे आज तयार होत असलेल्या बलकात मागच्या आठवड्याचं खाणं आहेच. दोन आठवडे धीर धरा, आणि तोवर त्या कोंबड्यांची अंडी बाजारात नेऊ नका.

घरी खायची असतील तर एक सोपा उपाय. बांगड्याला आपण कोकम, चिंच किंवा लिंबू का लावतो? हे रसायन आम्लारिधर्मी आहे, आंबटाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो आणि तो उडत नाही. म्हणून अशा अंड्यांचं आमटीतलं कालवण करा, चिंच थोडी जास्त टाका.

एका श्रोत्यांनी विचारलंय, वासाची अंडी देणारी कोंबडी काढून टाकली की प्रश्न मिटला ना? नाही मिटला. दोष ठळकपणे दिसायला सहसा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे तिचा बाप असलेला कोंबडाही तो दोष बाळगून आहे. तो अंडी देत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. त्याला कळपात ठेवलात तर पुढच्या रवणाच्या पिल्लांमध्ये तोच वास परत येऊ शकतो. कोंबडा बदला, आणि नवा आणताना त्याच्या बहिणींची अंडी आधी उकडून बघा.